कपडे वाळवण्याच्या यंत्राचं वय

सोलापुरात कपडे वाळवायला यंत्र लागतं असं ज्याला वाटलं, तो माणूस एक तर फार श्रीमंत असणार, किंवा त्यानं इथला वैशाख कधी पाहिलेला नसणार. आमच्या शुक्रवार पेठेत धोतराचं एक टोक दोरीवर टाकून दुसरं टोक उचलेपर्यंत पहिलं कडक झालेलं असतं. तरीही असं एक यंत्र आमच्या गावात होतं. मोठा दुष्काळ सरून एक-दोन पावसाळे झाले होते, तेव्हा त्याचं वय ठरवण्याची कामगिरी माझ्यावर येऊन पडली.

मी एका कापडगिरणीच्या रंगखात्यात होतो. जेवणाच्या सुट्टीत डब्याशेजारी पुस्तक उघडून बसायची मला सवय होती, आणि एवढ्या पुराव्यावर गिरणीनं मला विद्वान ठरवून टाकलं होतं. गिरणीचा मोठा उत्सव जवळ आला होता. धाकटे मालक परदेशात दोन वर्षं काढून आले होते. तिथून त्यांनी विणकामाचं काही आणलं की नाही ते ठाऊक नाही, पण संग्रहालयाची हौस नक्की आणली होती. गिरणीच्या जुन्या बंगल्याचा दिवाणखाना साफ करून त्यात जुने माग, कंदील, कै. मोठ्या मालकांची काठी, त्यांचे जोडे असं सगळं मांडायचं होतं. या सगळ्याचा मुकुटमणी म्हणजे बंगल्याच्या मागच्या खोलीतलं ते यंत्र. त्यासाठी संगमरवराची पाटी आधीच कोरून आली होती: ‘आशिया खंडातील प्रथम वस्त्रशुष्कन यंत्र’. खाली ‘सन’ एवढं कोरून पुढे जागा सोडली होती.

‘‘महायुद्धाच्या आधीचं निघालं पाहिजे,’’ धाकटे मालक म्हणाले. ‘‘इंग्रज मॅनेजरच्या मडमेनं आणलेलं, असं मी लहानपणापासून ऐकतोय.’’

‘‘निघालं तर निघेल,’’ मी म्हणालो.

‘‘म्हणजे काढाच.’’

बंगला गिरणीच्या मागं, कडुनिंबाच्या रांगेपलीकडं होता. मॅनेजर गेले, पाहुणे यायचे थांबले, तसा तो बंदच होता. बाहेरच्या दोन खोल्यांत एक बाई एकटी राहायची. तिचे वडील आयुष्यभर या बंगल्यावर कामाला होते. पाणी भरण्यापासून इस्त्रीपर्यंत सगळं त्यांच्याकडं. ते वारल्यावर किल्ल्या तिच्याकडं आल्या. असेल तिशी ओलांडलेली. नवऱ्यानं टाकलेली, असं गिरणीत म्हणत. किल्ल्यांचा जुडगा घेऊन ती माझ्यापुढं चालली, एकेक दार उघडत गेली आणि शेवटच्या दाराशी कुलूप काढून बाजूला सरली.

‘‘तुमी जावा आत. मी हितं हाय.’’

खोली लहान, पश्चिमेला एक उंच झरोका. दुपार कलली होती आणि झरोक्यातून आलेला उन्हाचा पट्टा नेमका यंत्रावर पडला होता. पांढरा मुलामा दिलेलं, छातीएवढ्या उंचीचं, पत्र्याचं कपाट. पुढं परातीएवढी गोल काच. काचेआड भोकं पाडलेलं एक पिंप. हे पिंप विजेवर फिरतं, मागून गरम हवा येते, आत टाकलेले कपडे उलटेपालटे होत वाळतात, एवढं मी एका इंग्रजी मासिकातल्या जाहिरातीत पाहिलं होतं. जाहिरातीतली बाई मात्र ते यंत्र बघून आनंदानं वेडी झालेली होती. इथं तसं कुणी होण्यासारखं नव्हतं.

मी वाकून काचेतून पाहिलं. पिंपाच्या तळाशी एक अंगडं होतं. तान्ह्या पोराचं, बंदांचं, कधी काळी पिवळं असेल असं. मी पाहत असताना पिंप हललं. फार नाही, पाळण्याला पायानं हलका झोका द्यावा तेवढं. अंगडं थोडं वर चढलं आणि हळूच घसरून खाली आलं. एक बाही काचेला टेकून राहिली.

मी मागं सरलो, हे सांगायला हरकत नाही. मग शिकलेल्या माणसानं करायचं ते केलं, म्हणजे कारण शोधलं. ते लगेच सापडलंही. पिंपाचा पट्टा तुटलेला, त्यामुळं पिंप मोकळं. गरम हवा बाहेर टाकणारी जाड नळी भिंतीतून पलीकडं गेलेली, तिचं झाकण गेलेलं. बाहेर वैशाखाचा वारा सुटलेला. वारा नळीतून आत येत होता आणि पिंप डोलत होतं. माझं समाधान झालं. फक्त त्या खोलीत वास येत होता ओल्या दुपट्यांचा. घरात बाळंतीण असली की कोपऱ्यातून येतो तो. त्या भिंतींनी कैक वर्षांत पाणी पाहिलं नव्हतं.

‘‘हललं का?’’ बाई बाहेरून म्हणाली.

‘‘वाऱ्यानं.’’

‘‘व्हय,’’ ती म्हणाली. लहान मुलाच्या बोलण्याला आपण होकार देतो तसं. मग, ‘‘सायब, हे कवा आलं ते खरंच कळतं का बघून?’’

‘‘बघू. तुम्हाला कशाला हवंय?’’

उत्तर तिनं दुसऱ्या खेपेला दिलं, आणि तेही पायरीवर बसून, माझ्याकडं पाठ करून. तिला एक धाकटा भाऊ होता. रांगणारा. रझाकारांच्या धामधुमीच्या वर्षी, सरहद्दीपलीकडची माणसं बोचकी घेऊन सोलापुरात आली, धर्मशाळा भरल्या, लोकांच्या ओट्यांवर बिऱ्हाडं लागली, त्या वर्षी तो गेला. ती तेव्हा चार-पाच वर्षांची. आईबाप बंगल्यात कामाला, म्हणून भाऊ तिच्या स्वाधीन असायचा.

‘‘मी खेळाय गेले. तवर त्यो त्याच्यात शिरला,’’ तिनं मानेनंच मागं दाखवलं. ‘‘दार लागलं. मी आले तवा काचंतनं बघत हुता. हात लावला हुता काचंला, असा. मला दार उघडाय येईना.’’

‘‘हे तुम्हाला आठवतं?’’

‘‘आठवतं म्हंजे? दिसतंय की. आत्ता बी दिसतंय.’’

‘‘घरचे काय म्हणायचे?’’

‘‘आबा न्हाय बोलले कदी. आई बी न्हाय. आत्या बोलली. भावाला गिळलीस म्हनाली, समद्यांच्या म्होरं.’’

मग तिनं पुढचं सांगितलं. लग्न झालं, पण दिराचं पोर हातात घ्यायला सांगितलं की ती थरथरायची, घ्यायचीच नाही. स्वतःला मूल होऊ नये म्हणून उपास करते असं सासूला कळलं आणि तिला माहेरी आणून घातलं. आता गिरणीनं बायकांसाठी पाळणाघर काढलं होतं. सूत उकलणाऱ्या बाया पोरं खात्यात आणून टोपल्यात निजवत, ते कायद्यात बसेना. त्या पाळणाघरात हिला नेमायचं चाललं होतं. हिनं दोनदा नाही म्हटलं. तिसऱ्यांदा नाही म्हटलं असतं तर बाहेरच्या खोल्याही सोडाव्या लागणार होत्या, कारण बंगल्याला आता राखणदार नको होता, तिकीट फाडणारा हवा होता.

‘‘माज्या हातात लेकरू जगत न्हाय सायब. आत्या म्हनती ते खरं का खोटं, ते त्या यंत्राला ठावं. ते जर भाऊ गेल्यावर आलं असंल, तर...’’

असा तो प्रश्न माझ्यापुढं आला. धाकट्या मालकांना यंत्र जितकं जुनं निघेल तितकं हवं होतं. ते जितकं जुनं, तितकी पायरीवरची बाई खुनी ठरत होती. पाटीवर मात्र एकाच सनापुरती जागा होती.

मी कामाला लागलो. कारखान्याचं नाव असलेली पट्टी कुणीतरी उचकटून नेली होती, तिची भोकं तेवढी राहिली होती. मागचा पत्रा काढला. स्क्रू साधे एका खाचेचे नव्हते, फुलीच्या खाचेचे होते. वायर कापडानं मढवलेली. आत मोटर, आणि ती आपण घरोघरी वापरतो त्या विजेवर चालणारी. इथं मला पहिला धागा मिळाला. बंगल्याला महायुद्ध संपेपर्यंत गिरणीच्या स्वतःच्या डायनॅमोची वीज होती, जुन्या पद्धतीची. त्या विजेवर ही मोटर फिरलीच नसती.

धाकट्या मालकांना हे सांगितलं. त्यांनी पेन्सिल टेबलावर आपटली.

‘‘मोटर नंतर बदलली असेल.’’

‘‘असेल.’’

‘‘मग आशियातलं पहिलं म्हणायला काय हरकत आहे?’’

‘‘सोलापुरातलं शेवटचं म्हणा. त्याला कुणीच हरकत घेणार नाही.’’

ते हसले नाहीत. परदेशी राहिल्यानं माणसाचं पचन बिघडतं. पण त्यांचं म्हणणं खोडून काढता येण्यासारखं नव्हतं, आणि मला आता ते खोडून काढायचं होतं. पाटीसाठी नव्हे.

ज्या गावात खंडेनवमीला पोरं सायकलच्या पंपालाही हळदकुंकू लावतात, तिथं वाढूनही मला ही गोष्ट सुचायला तीन खेपा लागल्या. तिचे वडील बंगल्यातल्या सगळ्या यंत्रांची पूजा करत. पंखा, मोटार, पाण्याचा पंप, इस्त्री. गिरणीतून सूत आणून त्यात झेंडू ओवून माळ बांधत. फुलं सुकून पडतात, सूत राहतं. ते कुणी तोडत नाही, देवाचा दोरा आहे. पुढच्या वर्षीचा त्याच्यावर बांधायचा. यंत्राच्या मागं, भिंतीत शिरणाऱ्या नळीच्या गळ्याशी, मला आधी चिंधी वाटलेला एक जाड गोळा होता. ते सगळे दोरे होते. एकावर एक, मनगटाएवढे जाड.

सूत रंगवणं हाच माझा धंदा. कोणता लाल आमच्या गिरणीनं कधी सोडला, कोणता निळा पावडर महागल्यावर फिका झाला, हे मला माझ्या मुलांच्या इयत्तांपेक्षा चांगलं सांगता येई. मी कात्री मागितली.

‘‘कात्री न्हाय लावायची,’’ ती दारातून म्हणाली. ‘‘देवाचं हाय.’’

‘‘मग सोडवावे लागतील. एकट्याला नाही जमायचं.’’

ती पुष्कळ वेळ उंबऱ्यावर उभी राहिली. मग पदर खोचून आत आली. माझ्या माहितीप्रमाणं वडील गेल्यापासून ती त्या खोलीत वर्षातून एकदाच यायची, माळ बांधायला, तेही डोळे खाली घालून. आता ती यंत्राच्या बाजूला माझ्यासमोर बसली. वाटीभर पाण्यानं गाठी ओल्या करायच्या, नखानं सैल करायच्या, दोरा सुटला की जमिनीवर पसरायचा.

वरचे दोरे तिच्या हातचे होते. मग दुष्काळातला एक आला, कच्चा, बिनरंगाचा. त्या वर्षी रंगखात्याला पाणी नव्हतं. मग गाठ बदलली.

‘‘ही आबांची,’’ ती म्हणाली, आणि ती गाठ तिनं मला सोडू दिली नाही, स्वतः सोडली.

आम्ही मागं मागं जात होतो. जांभळा, पिवळा, तो फिका निळा, परत लाल. तिची लग्नाची वर्षं गेली, परकराची वर्षं गेली. बाहेर वारा अगदी पडला होता. झाडाचं पान हलत नव्हतं, हे मला झरोक्यातून दिसत होतं. आणि आमच्या कानाशी, पत्र्याआड, पिंप डोलत होतं. कुर्र. थांबायचं. कुर्र. मी तिच्याकडं पाहिलं नाही. तिनंही माझ्याकडं पाहिलं नाही. आमच्या हातांनी नळीला धक्का लागत होता, म्हणून असेल. मी हात काढून मांडीवर ठेवले. कुर्र.

‘‘सोडा सायब,’’ ती हलक्या आवाजात म्हणाली. ‘‘हात थांबवू नका.’’

सगळ्यात आतला दोरा हिरवा निघाला. हिरवा म्हणणं त्याला मान दिल्यासारखं आहे. शेवाळ आणि शाई एका बादलीत कालवल्यासारखा तो रंग होता, आणि जगात दुसरीकडं कुठं तो असणं शक्य नव्हतं. मी गिरणीत नवाच लागलो होतो तेव्हा आमच्या रंगमास्तरांनी नवीन हिरवा काढायचा घाट घातला होता. बरंच सूत वाया गेलं. ते विकता येईना, म्हणून कामगारांना वाटलं. त्या वर्षी अर्ध्या सोलापुराच्या पायजम्यांच्या नाड्या, डब्यांचे बंद, सायकलींच्या मागची बोचकी त्याच रंगाची होती, आणि घामानं लोकांच्या कमरा हिरव्या झाल्या होत्या. मास्तर पुढच्या वर्षी नोकरी सोडून गेले. मी लागलो ते वर्ष मला पक्कं ठाऊक होतं. रझाकारांची धामधूम मिटून दोन-तीन वर्षं झाली होती.

दोऱ्याखाली नळीचा मुलामा नव्या बशीसारखा चकचकीत होता. बाकीची नळी पिवळी पडलेली, तेवढीच रेघ पांढरी. त्याच्या आधी तिथं काही बांधलेलंच नव्हतं. आणि तिचे वडील नवं यंत्र पूजेवाचून दसरा ओलांडू देणाऱ्यांतले नव्हते.

मी तिला सगळं सांगितलं. विजेचं, मोटरचं, हिरव्या सुताचं. ती ऐकत होती की नाही कळेना.

‘‘म्हंजे भाऊ गेला तवा हे हितं नव्हतंच?’’

‘‘नव्हतं.’’

‘‘मग त्याचं आंगडं आत कसं?’’

त्याचाही मी विचार केला होता. ‘‘गेलेल्या लेकराचे कपडे घरात ठेवत नाहीत, हो ना?’’

‘‘न्हाय. सोडून द्यायचे.’’

‘‘आबांना सोडवलं नसेल. घरात ठेवता येईना आणि टाकवेना. हे यंत्र साहेबाचं, साहेबाच्या घरातलं. मॅनेजरच्या बायकोनं वापरून सोडून दिल्यावर याला कुणी उघडत नव्हतं. त्यांनी मागाहून इथं ठेवलं असेल. तुम्ही ते काचेतून पाहिलं. आत्याचं बोलणं कानात होतंच.’’

तिनं यंत्राचं दार उघडलं. मला वाटलं होतं तिला ते उघडता येणार नाही, पण ते सहज उघडलं. अंगडं बाहेर काढून तिनं माझ्या हातात दिलं. ते ओलसर होतं. आमचे हात गाठी भिजवून ओले होते, तेव्हा ओल आमचीच असणार. मी ते नाकाशी नेलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती वैरागला गेली. आत्या तिथं राहत होती, म्हातारी, दोन्ही डोळ्यांना कमी दिसणारी. अंगडं तिनं माझ्याकडून परत नेलं आणि वाटेतल्या एका ओढ्यात सोडायला काढलं. ओढ्याला पाणी नव्हतं, म्हणून वाळू उकरून पुरलं. आठवड्यानं ती मला रंगखात्याच्या फाटकाशी भेटली. उन्हात उभी होती, सावली जवळ असून.

‘‘काय म्हणाली आत्या?’’

‘‘तापानं गेला म्हनाली. तीन दीस ताप हुता. तू त्याच्या उशाशी बसून हुतीस म्हनाली, उठवलं तरी उठंनास.’’

‘‘आणि ते गिळलीस म्हणालेलं?’’

‘‘इचारलं. म्हनली, मी म्हनले व्हय असं? म्हनले असंन. रागात मानूस काय बोलत न्हाय.’’ ती हसली. तिला हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं, आणि ते काही बरं दिसलं नाही. ‘‘लाडू दिला खायाला.’’

‘‘मग झालं तर. सुटलात.’’

‘‘व्हय,’’ ती म्हणाली. मग, ‘‘सायब, मग मला दिसलं ते काय?’’

याचं उत्तर माझ्याकडं तयार होतं. इतकी पुस्तकं वाचून तेवढंही नसतं तर काय उपयोग. ‘‘अहो, गोल काच, आत अंधार. आरसाच तो. यंत्र आलं तेव्हा तुम्ही सात-आठ वर्षांच्या असाल. पुढं कधीतरी काचेशी जाऊन उभ्या राहिलात, हात टेकवलात, तुमचंच तोंड दिसलं. आत अंगडं. झालं, भाऊ दिसला.’’

तिनं ते नीट ऐकून घेतलं. डोक्यात फिरवून पाहिलं, खरंच पाहिलं. मग मान हलवली.

‘‘मी रडत हुते,’’ ती म्हणाली. ‘‘काचंतलं ते न्हाय रडत.’’

आत भोंगा झाला आणि मी कामावर गेलो.

धाकट्या मालकांना मी स्वातंत्र्यानंतरचं साल लिहून दिलं. त्यांनी ‘सन’ हा शब्द घासून काढायला लावला आणि पाटी तशीच लावली. उत्सवाला आलेल्या मंत्र्यांनी काचेतून आत बघून ‘‘वा’’ म्हटलं. आत आता काही नव्हतं.

पाळणाघराचं काम तिनं घेतलं. मी मुद्दाम एकदा तिकडून गेलो. छताला साड्यांच्या झोळ्या टांगलेल्या, त्यात पोरं निजलेली. एक तान्हं तिच्या खांद्यावर होतं, आणि तिचा हात त्याच्या पाठीवर अगदी हलका, पण घट्ट होता. थरथर नव्हती. सूतखात्यातल्या बाया म्हणत, हिच्याकडं दिलं की पोर रडत नाही. मला बरं वाटलं. माझ्या हिरव्या दोऱ्याचं आयुष्यात झालेलं हे एकच चीज.

महिन्याभरानं कामगार अधिकारी माझ्याकडं आले. पाळणाघराला नवीन खिडकी बसवली होती, चांगली मोठी, काचेची. त्या बाईनं पोरांच्या उंचीपर्यंतच्या सगळ्या काचांवर आतून खळ लावून कागद चिकटवले होते. सांगून काढेना. तुमचं ऐकते म्हणतात, काय भानगड आहे?

ऊन फार येतं, पोरांना झोप लागत नाही, असं मी कारण सांगितलं. त्यांना ते पटलं.

खिडकी उत्तरेला होती.